मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचा पाठ्यक्रम कसा आखावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारे शिक्षक, तालुक्याच्या ठिकाणी क्लास चालवणारे, महाविद्यालयात ब्रिज कोर्स (पुढच्या अभ्यासाआधी कच्चा भाग भरून काढणारा वर्ग) घेणारे आणि सुट्टीत गावी जाऊन शिकवणारे स्वयंसेवक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. काही ठिकाणी माझी मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

शाळेत पुस्तक ठरलेलं आहे. मग वेगळा पाठ्यक्रम आखायचा कशाला?

बालभारती १९६७ पासून साऱ्या राज्यासाठी पुस्तकं काढते. तेच पुस्तक पुण्यातल्या शाळेत चालतं आणि धडगावच्या पाड्यावरही, जिथे घरी पावरी बोलणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते. पुस्तक लिहिणाऱ्यांना तुमचा वर्ग दिसलेला नसतो. वर्षअखेर याच मुलांना नेमकं काय करता आलं पाहिजे, कशाला किती दिवस द्यायचे आणि कुठला पाठ नुसता वाचून पुढे जायचं, हे वर्गासमोर उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. झेडपीच्या शिक्षकाला राज्याचा पाठ्यक्रम बदलता येत नाही, हे खरं. पण वार्षिक नियोजन तोच करतो, आणि बहुतेक ठिकाणी ते नियोजन मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं असतं.

खासगी क्लास किंवा ब्रिज कोर्स असेल तर सगळंच तुमच्या हातात आहे. तिथे एखादं जाड व्याकरणाचं पुस्तक पाठ्यक्रम म्हणून वापरलं जातं, त्याला माझा विरोध आहे.

सुरुवात कुठून करायची?

इंग्रजी नेमकी कुठे लागणार आहे तिथून. हे घरी बसून अंदाजाने ठरवू नका, जाऊन विचारा. नर्सिंगच्या मुलीला पाळी संपताना पुढच्या पाळीला रुग्णाची माहिती द्यायची असते, औषधांची नावं आणि प्रमाणं वाचायची असतात. डॉक्टर भरभर इंग्रजीत बोलले तर नुसती मान न डोलावता उलटून विचारायचं असतं. एमआयडीसीतला ऑपरेटर बोलतो मराठी-हिंदीत. त्याला मशीनवरची सूचना वाचायची आणि बिघाडाची नोंद रजिस्टरमध्ये करायची असते. त्याला स्पोकन इंग्लिशचा कोर्स विकला तर त्याचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

सहावीतल्या मुलाला शाळेबाहेर बहुधा कुठेच इंग्रजी बोलावी लागत नाही. हेसुद्धा उत्तरच आहे. मग वर्गातले रोजचे व्यवहार इंग्रजीत आणावे लागतात. पाणी प्यायला जाऊ का, माझी वही मिळाली नाही, पुन्हा सांगा, मला कळलं नाही. ही वाक्यं त्याच्या खऱ्या गरजेची आहेत आणि रोज लागतात.

१९७८ मध्ये जॉन मनबी या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी गरजा नोंदवण्याची एक फार तपशीलवार पद्धत मांडली. तिचे रकाने भरता भरता माणूस थकतो, पण मूळ विचार पक्का आहे. आपल्याला एक पान पुरतं: कोणाशी, कुठे, कशाबद्दल, बोलून की लिहून, आणि चुकलं तर काय बिघडेल. शेवटचा रकाना सहसा कोणी भरत नाही. डोस सांगताना 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' ऐकू आलं तर रुग्णावर बेततं, मुलाखतीत एखादं 'द' राहिलं तर काही होत नाही. या दोन्हींना पाठ्यक्रमात सारखाच वेळ मिळत असेल तर आखणी फसली आहे.

तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी शक्य आहे का?

नाही. केंब्रिजच्या परीक्षा विभागाचा अंदाज असा आहे की युरोपीय चौकटीतल्या (भाषा किती येते हे मोजायच्या पट्टीतल्या) ए-टू पातळीला साधारण १८० ते २०० मार्गदर्शित तास लागतात, बी-वनला ३५० ते ४०० आणि बी-टूला ५०० ते ६००. ए-टू म्हणजे ओळखीच्या विषयावर साधीसुधी देवाणघेवाण. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, असे तीन महिने धरले तर ७५-७८ तास होतात. फ्लेक्सवर काय छापायचं ते छापा, पाठ्यक्रम मात्र ७५ तासांचाच आखा.

शाळेचं गणितही एकदा कागदावर मांडा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आहेत, सहावी ते आठवीसाठी २२०. रोज ४० मिनिटांची एक तासिका धरली तर २०० दिवसांचे १३३ तास होतात. त्यातून परीक्षा, गॅदरिंग, स्पर्धा, सर्वेक्षणाची कामं वजा करा. हाती शंभरेक तास उरले तरी पुष्कळ.

आता वर्गात ४० मुलं आहेत. शिक्षक निम्मा वेळ बोलले आणि उरलेल्या २० मिनिटांत एकेकाला उभं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. तेच जोड्या करून दहा मिनिटं बोलायला लावलं तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातून निरोप येईल. तरीही आखणी करताना प्रत्येक घटकात जोडीचं काम घालाच. नाहीतर 'संभाषण कौशल्य' हे उद्दिष्ट कागदावरच राहतं.

व्याकरण सोप्याकडून कठीणाकडे घेतलं तर बिघडलं कुठे?

आधी साधा वर्तमानकाळ, मग चालू, मग पूर्ण, असा बारा काळांचा तक्ता. पाठोपाठ कर्तरी-कर्मणी, मग प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गनियम वाटतो. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे शिकवण्याचा क्रम आणि मुलाच्या डोक्यात भाषा बसण्याचा क्रम जुळत नाही. 'शी गोज', 'ही वर्क्स' यातला शेवटचा 'स' आपण पहिल्या आठवड्यात शिकवतो. नियम एका ओळीचा आहे, चाचणीत मुलं पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पण बोलताना तो 'स' अनेक वर्षं गळत राहतो. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं: 'गोइंग', 'ईटिंग' मधलं 'इंग' लवकर येतं, हा 'स' फार उशिरा. त्यामुळे एकदा शिकवला की झाला, असं धरून केलेला पाठ्यक्रम खोटा ठरतो. तोच मुद्दा चार वेळा, दर वेळी वेगळ्या कामात परत यायला हवा.

दुसरी अडचण आपल्याकडे जास्त जाचक आहे. रूपांतर करणं हेच भाषा येणं, असा आपला समज झाला आहे. दहावी झालेला मुलगा 'राम किल्ड रावण'चं कर्मणी क्षणात करून दाखवेल. पण दुकानातला फ्रीज बिघडलाय आणि तो मागच्या आठवड्यातच दुरुस्त केला होता, हे त्याला सांगता येत नाही. कर्मणी प्रयोग शिकवू नका असं मी म्हणत नाही. तो जिथे खरोखर लागतो तिथे ठेवा. खाली नमुन्यात ती जागा दाखवली आहे.

डेव्हिड विल्किन्स या भाषातज्ज्ञांनी १९७६ मध्ये मांडलं की पाठ्यक्रमाची एकके व्याकरणाच्या रूपांऐवजी माणूस भाषेतून जे करतो ती असावीत: विनंती, नकार, तक्रार, अंदाज, माफी. आजच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत याचा अंश दिसतो. याचेही तोटे आहेत. नुसती विनंतीची वाक्यं पाठ केलेला मुलगा नवीन वाक्य जुळवताना अडतो. म्हणून मी कण्याच्या जागी कामं ठेवतो आणि त्या कामाला लागेल तेवढं व्याकरण त्याच्या बाजूला लिहितो. हा क्रम उलटा झाला की आपण परत तक्त्यावर येतो.

'टास्क' (भाषा वापरून पार पाडायचं काम) वगैरे परदेशी कल्पना आपल्या साठ मुलांच्या वर्गात चालतात का?

ही कल्पना पुष्कळ अंशी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांतून जगभर गेली आहे. एन. एस. प्रभू या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासकांनी १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरू, चेन्नई आणि आसपासच्या काही शाळांत एक प्रयोग केला. बंगलोर प्रोजेक्ट या नावाने तो ओळखला जातो. पाठ्यक्रमात व्याकरणाची यादीच नव्हती, होती फक्त कोड्यांसारख्या कामांची मालिका. वेळापत्रक वाचून कुठली गाडी धरावी ते ठरवा, नकाशावरून रस्ता शोधा, पैशांचा हिशेब लावा. आधी शिक्षक साऱ्या वर्गाबरोबर तसंच एक काम तोंडी सोडवत, मग मुलं त्याच धर्तीचं दुसरं काम एकेकटी करत. लक्ष उत्तराकडे असताना भाषा आपोआप आत शिरते, असा प्रभूंचा दावा होता.

गटकामाचा त्यांचा आग्रह नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो. नवशिकी मुलं एकमेकांशी बोलताना एकमेकांच्या चुका पक्क्या करतात, असं त्यांना वाटे. वर मी जोड्यांचा आग्रह धरला तो या मताच्या विरोधात जातो. माझा तोडगा असा: विचाराचं काम प्रभूंच्या पद्धतीने सगळ्या वर्गाबरोबर, आणि सरावाचं बोलणं जोडीत.

उद्या करून बघायचं असेल तर एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. सातवीच्या वर्गाला विचारा: नाशिकला अकराच्या आत पोहोचायचंय, सिन्नरला अर्धा तास काम आहे, कोणत्या दोन गाड्या धरशील आणि का? 'का' हा शब्दच खरा पाठ आहे.

शब्द किती आणि कोणते शिकवावेत?

ढाक्याला शिक्षण खात्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांत वाचनपुस्तकं तयार केली आणि पुढे १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द त्या यादीत सापडतात. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी सुमारे २८०० शब्दांची 'न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट' ही यादी आली. ती इंटरनेटवर मोफत मिळते. तुमच्या पाठ्यक्रमाचा पाया तिथून घ्या आणि त्यावर शंभर-दोनशे शब्द विद्यार्थ्याच्या क्षेत्रातले चढवा.

यादीतले बरेच शब्द मुलांना आधीच ठाऊक असतात. स्टॉप, टाइम, नंबर, लाइट, फॉर्म, चेंज, टेस्ट, रिपेअर हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत. पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच असे शब्द गोळा करा. आपल्याला इंग्रजी अजिबात येत नाही, ही भीती तिथेच निम्मी उतरते. काही शब्द मात्र वाट बदलून आले आहेत. आपण 'हॉटेलात' मिसळ खातो, परदेशी पाहुणा तिथे मुक्काम करतो. अशा शब्दांची वेगळी यादी ठेवा.

एका तासिकेत आठ-दहा नवे शब्द पुष्कळ झाले, आणि त्यातला प्रत्येक शब्द पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा भेटायला हवा. ही पुनर्भेट आखणीतच लिहा.

वर्गात मराठी वापरावी का?

हो. सूचना, तुलना आणि विनोद यासाठी बिनधास्त वापरा. फक्त प्रत्येक इंग्रजी वाक्याचा लगेच मराठी अर्थ सांगायची सवय सोडा, कारण मग मुलं इंग्रजी ऐकायचंच थांबवतात आणि मराठीची वाट बघतात.

मराठी मुलांना नेमकं कुठे अडतं? त्यासाठी वेगळा वेळ ठेवावा का?

ठेवावाच. बाजारातल्या परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण ती साऱ्या जगासाठी लिहिलेली असतात.

'हॅव' घ्या. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, तिला ताप आहे, या घराला तीन खोल्या आहेत. मराठीत ला, कडे अशी वेगवेगळी सोय आणि क्रियापद 'आहे'. इंग्रजीत सगळीकडे एक 'हॅव'. म्हणून मुलं 'टू मी टू ब्रदर्स आर' असलं काहीतरी रचतात, किंवा गप्प बसतात. याला दोन तासिका दिल्या तर त्या फुकट जात नाहीत. प्रश्नांचंही तसंच. मराठीत 'तू कुठे जातोस' मध्ये शब्दांची जागा बदलत नाही, इंग्रजीत 'डू' मध्येच उपटतो. प्रश्न विचारणं पाठ्यक्रमात पहिल्या महिन्यातच आणा. आपल्या वर्गांत मुलं कायम उत्तरंच देत असतात, त्यामुळे दहावीनंतरही बऱ्याच जणांना साधा प्रश्न विचारता येत नाही.

आकड्यांकडे कोणी बघत नाही. मराठीत चोवीस म्हणताना चार आधी येतो, इंग्रजीत वीस आधी. फोन नंबर, दशांश, तारीख, किंमत ऐकून लिहिण्याचा सराव मोठ्यांनाही लागतो.

उच्चारात 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही आपण 'व' करतो, 'शिप' आणि 'शीप' यांत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळत नाही. समोरच्याला कळत असेल तर पहिल्याचा फार बाऊ नको, दुसऱ्याकडे मात्र लक्ष द्या. आर्टिकल्स ('अ', 'ॲन', 'द') तर मी पहिल्या वर्षी शिकवतच नाही, मजकुरातून कानावर पडू देतो. मराठीत ती नाहीत, आणि ती चुकली म्हणून अर्थ क्वचितच बिघडतो.

सोपं काय जाईल तेही नोंदवा. 'मी येतोय' आणि 'आय ॲम कमिंग' यांची जात एकच, त्यामुळे चालू वर्तमानकाळ पटकन येतो. इतका येतो की 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग अ कार' सुरू होतं.

पहिली-दुसरीत एबीसीडीपासून सुरू करायचं ना?

ऐकण्यापासून. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून सुरू झाली. पाचवीचाच पाठ्यक्रम खाली ओढायचा, असा त्याचा अर्थ नव्हता. या वयात उठा, बसा, दाराला हात लावा, लाल खडू दाखवा अशा सूचना ऐकून हालचाल करणं, बडबडगीतं, चित्रांवरच्या गोष्टी हेच मुख्य. मूल देवनागरी वाचायला लागलं की रोमन अक्षरं आणा, आणि तेव्हा नावाआधी आवाज सांगा. देवनागरीत 'क'चं नाव आणि आवाज एकच; 'सी' नावाचं अक्षर 'कॅट' मध्ये 'क' का म्हणतं, हे मुलाला कोणीतरी सांगायला हवं.

एकाच वर्गात काही मुलं वाक्य बोलतात, काहींना अक्षरंही येत नाहीत. पाठ्यक्रम कोणासाठी?

मजकूर एकच ठेवा, काम वेगळं द्या. तोच उतारा ऐकून एक गट चित्रं क्रमाने लावेल, दुसरा तीन प्रश्नांची उत्तरं लिहील, तिसरा शेवट बदलेल. प्रत्येक घटकापुढे 'सगळ्यांना यायलाच हवं' आणि 'काहींना जमेल' असे दोनच रकाने करा. तीन-चार पातळ्यांचे सुंदर तक्ते बैठकीत दाखवायला बरे असतात, सोमवारी सकाळी कोणी उघडत नाही.

परीक्षा कधी ठरवायची?

सगळ्यात आधी. शेवटच्या दिवशी विद्यार्थी काय करून दाखवेल ते लिहा आणि तिथून मागे या. बोलणं हे उद्दिष्ट असेल आणि परीक्षा फक्त लेखी असेल तर मुलं आणि पालक दोघंही लेखीचीच तयारी करतील, आणि त्यांचं चुकत नाही. दहावीला भाषेच्या ८० लेखी गुणांसोबत अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. ते सढळ हाताने वाटून टाकले तर तोंडी कामाला वर्षभर कोणी विचारणार नाही. प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता (कशाला किती गुण याचा आराखडा) जूनमध्येच करा आणि तोंडी परीक्षेचे निकष मुलांना मराठीतून सांगा: समजलं का, न थांबता दोन-तीन वाक्यं बोलला का, अडल्यावर दुसऱ्या शब्दांत सांगितलं का. व्याकरणाची अचूकता चौथ्या क्रमांकावर.

एखादा प्रत्यक्ष नमुना मिळेल का?

मराठी माध्यमातून दहावी झालेली, डिप्लोमाला प्रवेश घेतलेली मुलं. हाती ६० तास. माझी वाटणी अशी असेल.

पहिले १० तास ऐकणं, प्रश्न विचारणं आणि आकडे: मापं, एकके, दशांश, वर्गातल्या सूचना. पुढचे १४ तास वाचनाचे. सुरक्षेचे फलक, उपकरणावरची लेबलं, मॅन्युअलची दोन पानं. इथे आज्ञार्थ, 'मस्ट' आणि 'डू नॉट' येतात. त्यानंतर १४ तास प्रक्रिया सांगण्याचे आणि प्रयोगवहीचे. कर्मणी प्रयोगाची खरी जागा ही आहे: 'द वायर इज कनेक्टेड', 'द वॉटर इज हीटेड'. कोणी केलं याला इथे महत्त्व नसतं, म्हणून भाषेला हा प्रयोग लागतो. मुलांना ते न सांगता कळतं. मग ८ तास बिघाडाचा अहवाल, म्हणजे काय झालं, कधी झालं, काय करून पाहिलं. साधा भूतकाळ इथे. ६ तास तोंडी परीक्षा आणि मुलाखत. पाठ केलेलं 'मायसेल्फ सो अँड सो' बंद. प्रकल्पाबद्दल विचारलेल्या अनपेक्षित प्रश्नांना उत्तरं.

उरले ८ तास. ते मोकळे ठेवायचे. त्यात उजळणी होईल, सुट्टी पडेल, एखादा घटक लांबेल. मोकळे तास नसलेला पाठ्यक्रम पहिल्या पावसाळ्यातच मागे पडतो.

काय गाळलं तेही बघा: अप्रत्यक्ष कथन, निबंध, म्हणी, पूर्ण चालू काळ. गाळलेल्याची यादी पाठ्यक्रमाच्या शेवटी लिहून ठेवा, म्हणजे 'हे का नाही?' असं प्राचार्यांनी विचारलं की उत्तर तयार असतं.

मलाच इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. मी कसा पाठ्यक्रम आखू?

तुम्ही चालवू शकाल असाच आखा. वर्गात लागणारी पन्नासेक वाक्यं आधी स्वतः घोटा. ऐकण्यासाठी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग वापरा. राज्यात टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने चाललेल्या 'तेजस' उपक्रमात शिक्षकांचे गट नियमित भेटून एकमेकांशी इंग्रजीत बोलत, वर्गातले प्रयोग सांगत. असा गट केंद्रातल्या चार शाळांना स्वतःहूनही जमवता येतो. त्याला जीआर लागत नाही.

ब्रिटिश इंग्रजी की अमेरिकन?

लिहिताना शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ब्रिटिश स्पेलिंग. ऐकायला दोन्ही, आणि त्याहून जास्त भारतीय. तुमच्या विद्यार्थ्याशी उद्या इंग्रजीत बोलणारा माणूस बहुधा चेन्नईचा नाहीतर कोलकात्याचा असेल.

एआयकडून पाठ्यक्रम लिहून घेतला तर?

पाच सेकंदांत बारा आठवड्यांचा देखणा तक्ता मिळेल, आणि पहिल्या आठवड्यात 'स्वतःची ओळख' असेल. ठराविक शब्दांत उतारा लिहून घ्यायला, एकाच उताऱ्यावर तीन पातळ्यांची कामं करून घ्यायला मात्र त्याचा चांगला उपयोग होतो. काय गाळायचं हे त्याला कळत नाही. विचारलं की तो आणखी चार गोष्टी वाढवून देतो.

पाठ्यक्रम किती दिवसांनी बदलावा?

आराखडा दोन-तीन वर्षं टिकू द्या, तपशील दर तुकडीनंतर बदला. टाचणवहीच्या (रोजच्या पाठाच्या नियोजनाच्या वहीच्या) समासात रोज एक ओळ लिहा: ठरवलेलं झालं का, किती वेळ लागला, कुठे मुलं कंटाळली. सत्र संपल्यावर त्या ओळी सलग वाचल्या की कोणता घटक दर वेळी लांबतो ते दिसतं. अशा घटकाला तास वाढवून देण्याआधी तो मुळात हवा आहे का, हे गरजांच्या पहिल्या पानाशी ताडून बघा.